बारा जणांची मंडळी

बीदर जिल्ह्यातल्या औराद, भालकी, बसवकल्याण तालुक्यांत किंवा कलबुर्गीच्या आळंद भागात ख्रिस्ती घर शोधायला फार विचारपूस करावी लागत नाही. दारावर मागच्या नाताळचा तारा अजून लटकत असतो, उन्हानं त्याचा कागद पांढरा पडलेला असतो. आत भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतं. आपण कोण, हे गावाला एवढ्यावरून कळतं. आपण कसे, हे मात्र गाव दुसरीकडे बघून ठरवतं. किराणा दुकानातली उधारी आपण कधी फेडतो? मजुराचा रोज त्याच संध्याकाळी हातावर ठेवतो, की आठवडाभर खेटे घालायला लावतो? बांधावरून वाद निघाला तर तोंडून काय शब्द जातात? तुरीचं माप करताना हात कुणाकडे झुकतो?

या मुलखाला अशी पारख नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वर आणि शरणांनी कायक आणि दासोह या दोन गोष्टींवर भर दिला. कष्टाचं काम हीच पूजा, आणि कष्टाचं फळ वाटून खायचं. आपले लिंगायत शेजारी हे शब्द लहानपणापासून ऐकत आलेले आहेत. त्यामुळे आपली प्रार्थना किती लांब चालली याचं त्यांना अप्रूप नसतं. आठवडाभर आपण कसं वागलो, तेवढं ते बघतात.

अडचण अशी की आठवडाभर नीट वागणं एकट्यादुकट्याला जमत नाही. पाळकांकडे बऱ्याचदा तीन-चार गावं असतात. ते येतात, उपासना घेतात, प्रभुभोजन देतात आणि पुढच्या गावाला निघतात. मधल्या सहा दिवसांत कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडण पेटलं, कोण पुन्हा दारूकडे वळला, हे त्यांना कळणार कसं? म्हणून या लेखात एकच गोष्ट सुचवायची आहे: दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस करणारे बारा जण. घरची प्रार्थना, दान, सण, आजारपण, लग्न, स्थलांतर यांबद्दल पुढे जे लिहिलं आहे, ते अशा गटाच्या आधारानेच पार पडेल.

कर्जातून निघालेली वाट

ही पद्धत आपल्याच घरातली आहे. बीदरकडच्या बहुतेक मंडळ्या मेथडिस्ट, आणि मेथडिस्ट चळवळ वाढली ती छोट्या गटांवर. फेब्रुवारी १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली आणि त्यांचे सोबती सभागृहाचं कर्ज कसं फेडायचं, याचा विचार करत बसले होते. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, असं कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थानं सुचवलं. कुणीतरी म्हणालं, गरिबांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर फॉय यांनी उपाय सांगितला: सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांच्याकडून आलं तर आलं, नाही आलं तर त्यांच्या वाटचं मी भरीन. तुम्हीही प्रत्येकी अकरा जण घ्या आणि दर आठवड्याला त्यांच्याकडे जा.

पैसे गोळा करायला म्हणून हे लोक दारोदार जाऊ लागले आणि घरांची खरी अवस्था त्यांच्या नजरेस पडली. कुणी पितो, कुणाचं घरात पटत नाही, कुणी उपाशी आहे. मग घरोघर फिरण्याऐवजी बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. त्याला ‘क्लास’ म्हणत. पुढच्याच वर्षी, १७४३ मध्ये, वेस्लींनी या लोकांसाठी तीन साधे नियम घालून दिले. कुणाचं वाईट करायचं नाही, जमेल तितकं भलं करायचं आणि उपासना-प्रार्थना-प्रभुभोजन चुकवायचं नाही.

आपल्या बायांना ही शिस्त शिकवावी लागणार नाही. बीदरच्या जिल्हा सहकारी बँकेनं बचत गटांना कर्ज देण्याच्या कामात देशभर नाव कमावलं, आणि त्या गटांत बसणाऱ्या कितीतरी बाया आपल्या मंडळीतल्या आहेत. ठरलेल्या दिवशी जमायचं, हजेरी घ्यायची, वहीत नोंद करायची, कुणाचा हप्ता थकला तर तिच्या घरी जाऊन यायचं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मंडळीचा गट चालवायला एवढं पुरे. त्यामुळे गटप्रमुख नेमताना पँट-शर्टातला शिकलेला माणूस शोधत बसू नका. बचत गटाची वही ज्या अक्का सांभाळतात, त्यांना विचारा.

बैठक कशी घ्यावी

दहा-बारा प्रौढ माणसं, शक्यतो एकाच गल्लीतली किंवा वस्तीतली. वार ठरलेला आणि वेळ रात्रीच्या जेवणाआधीची, म्हणजे शेतावरून आलेल्यालाही येता येईल. एका तासापेक्षा जास्त नाही. घर दर आठवड्याला बदलावं, पण चहापलीकडे काही करायचं नाही हे आधीच ठरवून टाकावं. नाहीतर चौथ्या घरापासून भज्यांची चढाओढ लागते आणि गरिबाचं घर आपोआप पाळीतून गळतं.

क्रम साधा असावा. एक गीत, आठ-दहा वचनं, मग फेरी. फेरीत प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या. या आठवड्यात कुणाचं भलं करता आलं, कुठे चुकलो आणि कशासाठी प्रार्थना हवी आहे. ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसतं बसावं. कुणी बोलत असताना दुसऱ्यानं उपदेश करायचा नाही. शेवटी प्रार्थना, आणि उठण्यापूर्वी कामांची वाटणी: दवाखान्यात कोण जाणार, रेशन कार्डाच्या कामाला तहसीलला कोण बरोबर जाणार, पडून असलेल्या तात्यांच्या घरी उद्या भाकरी कोण पोचवणार. ही वाटणी वहीत लिहायची आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तीच वाचून करायची. वाटणी नसेल तर त्या बैठकीचा नुसता गप्पांचा फड होतो.

दोन पथ्यं कडक पाळावीत. गटात सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही. ज्याच्या तोंडून एकदा बाहेर गेलं, त्याला गटप्रमुखानं एकट्याला गाठून समज द्यावी. आणि कुणाविषयी तक्रार असेल तर ती त्याच्या पाठीमागे गटासमोर प्रार्थनेचा विषय म्हणून मांडायची नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम पाळावा. आधी एकट्यानं जाऊन बोलावं, मग एक-दोघांना बरोबर घ्यावं, आणि तरीही जमलं नाही तर मंडळीपुढे न्यावं. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते आणि एका मंडळीच्या दोन होतात.

घरातली प्रार्थना आणि दोन लिप्या

औरादकडच्या घरांत एक पेच नेहमीचा आहे. आजीला मराठी गीतं तोंडपाठ आहेत, पण अक्षर येत नाही. नातू कन्नड शाळेत जातो आणि त्याला देवनागरी अडखळत वाचता येते. सून जहीराबादकडची असेल तर तिची भाषा तेलुगू. रात्री प्रार्थनेला बसल्यावर वाचायचं कुणी आणि कुठल्या भाषेत?

यावर एक सोपी रीत आहे. एकच उतारा दोनदा वाचायचा. नातवानं कन्नडमधून वाचावा, नंतर आई किंवा बापानं मराठीतून. मग नातवानं आजीला आपल्या शब्दांत, मराठीत सांगावं की यात काय आलं. अडलं तर आजी सावरून घेते, तिला गोष्ट ठाऊक असते. पोराची मराठी टिकते आणि आजीचा मान राहतो. छापील प्रत नसेल तर मोबाइलवर दोन्ही भाषांतलं पवित्र शास्त्र फुकट मिळतं. वाचन संपेपर्यंत त्याच मोबाइलवरचे व्हॉट्सअॅपचे निरोप बंद ठेवता आले म्हणजे झालं. वेळ पंधरा मिनिटं पुरे. अर्ध्या तासाची प्रार्थना आठवड्यातून दोनदा बुडते, पंधरा मिनिटांची टिकते.

गाताना मराठीची लाज वाटू देऊ नये. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताची गीतं अभंगाच्या, ओवीच्या घाटात बांधली, ती याच मराठी माणसाच्या गळ्यासाठी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचं जे भाषांतर केलं, त्यात त्यांचं लक्ष नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायांवर होतं. त्यांना समजेल अशी भाषा त्यांनी हट्टानं वापरली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून पुरं झालं. म्हणून मंडळीच्या उपासनेत कन्नड गीतांबरोबर एक मराठी गीत मागायला संकोच नको. तेवढाच आग्रह तेलुगू सुनेच्या एका गीतासाठीही धरावा.

मूठभर धान्य आणि उघडा हिशेब

दशांशाचा विषय निघाला की मजुरीवर जगणारी माणसं खाली बघतात. रोजगार रोज मिळत नाही, मग दहावा भाग कशाचा काढायचा? त्यांच्यासाठी मिझोरामच्या बायांनी दाखवलेली वाट आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायची रीत आहे. त्या मुठींवर त्यांनी सुवार्तिक पोसले, कामं उभी केली. आपल्याकडे तांदळाऐवजी ज्वारी किंवा तूरडाळ. स्वयंपाकघरात एक वेगळा डबा ठेवायचा, पीठ मळायच्या आधी एक मूठ त्यात टाकायची आणि डबा महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीला आणायचा. हे धान्य गोदामात नेऊन साठवू नका. ज्या घरात त्या महिन्यात चूल थंड असेल, तिथे रात्री गाजावाजा न करता पोचवा.

तुरीची रास झाल्यावर जे शेतकरी पहिलं पोतं देवळात आणतात, त्यांच्या दानाचा मान वेगळाच. कापणीच्या सणाला आलेल्या कोंबड्या, भोपळे, धान्य यांचा लिलाव बहुतेक मंडळ्यांत होतो आणि त्यात मजाही येते. फक्त बोली लावताना एखाद्याची ऐपत चारचौघांत उघडी पडणार नाही, याचं भान लिलाव पुकारणाऱ्यानं ठेवावं.

देणाऱ्यांकडून जेवढी अपेक्षा, तेवढीच सांभाळणाऱ्यांकडूनही हवी. मंडळ्यांत फूट पडते ती शिकवणीपेक्षा हिशेबावरून जास्त. उपाय साधे आहेत. दानपेटी दोघांनी मिळून मोजायची आणि आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या. पैसे खजिनदाराच्या घरी न ठेवता मंडळीच्या नावावरच्या खात्यात भरायचे आणि खातं दोन सह्यांचं असावं. देणगीची पावती लगेच फाडायची. दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर जमा-खर्च मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि प्रश्न विचारणाऱ्याला फितूर ठरवायचं नाही. खजिनदार दर दोन-तीन वर्षांनी बदलावा. त्याच्यावर विश्वास असला तरी बदलावा, म्हणजे त्याच्यावर कधी संशयाची वेळ येणार नाही.

येळवस, उरूस आणि नाताळ

डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येळवस येते आणि त्याच दिवसांत आपला नाताळ असतो. बीदर, आळंद, लातूर, धाराशिवकडचं अख्खं गाव त्या दिवशी शेतात असतं. कडब्याची कोप उभारतात, आत पूजा होते, शेताला आंबील शिंपडतात आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचं जेवण. शेजारी आवर्जून बोलावतो. ख्रिस्ती घरात दरवर्षी हाच वाद: जायचं की नाही?

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायांत आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात जेवणावळींच्या अशाच प्रश्नांचा विचार केला आहे. तो वाचून प्रत्येक घरानं आपलं ठरवावं, पण ठरवताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पूजेत सहभागी होणं आणि शेजाऱ्याच्या पंगतीला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूजा आटोपल्यावर जाता येतं, आणि ‘अण्णा, पूजेला आम्ही बसत नाही, जेवायला नक्की येतो’ असं सरळ सांगितलं तर कुणी रागावत नाही. राग येतो तो खोटी सबब सांगण्याचा. दुसरी, नुकताच विश्वासात आलेला एखादा भाऊ आपल्याला तिथे पाहून गोंधळणार असेल तर त्याच्यासाठी त्या वर्षी मागे राहावं. तिसरी, जो जात नाही त्यानं जाणाऱ्याला बाटलेला म्हणू नये आणि जाणाऱ्यानं न जाणाऱ्याला आडमुठा म्हणू नये.

बोलावणं दोन्ही बाजूंनी असावं. नाताळात करंज्यांचं ताट फक्त ख्रिस्ती गल्लीत फिरवू नका. शेजारच्या लिंगायत घरी द्या, बंदे नवाजांच्या उरुसाला कलबुर्गीला जाऊन आलेल्या चाचांकडे द्या. मांस न खाणाऱ्या शेजाऱ्याला जेवायला बोलावलंत तर त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात स्वयंपाक करा आणि ते आधी कळवा. वॉचनाइटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, भोंगा लावायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर भोंग्याला बंदी असते; राज्य सरकारनं सूट दिलेल्या दिवशीही तो बारापर्यंतच चालतो. कुणी हरकत घेण्याआधीच शेजाऱ्यांना वेळ सांगून ठेवा. बारावीचा अभ्यास करणारी पोरं त्यांच्याही घरी असतात.

नोव्हेंबरात विकाराबादजवळच्या धारूरला मेथडिस्ट जत्रा भरते. आपल्याकडून लोक गाठोडी बांधून तिकडे जातात, आणि जावंही. पण जत्रेत जागवलेल्या रात्रींचा उत्साह डिसेंबरात उतरतो. तिथे केलेला निश्चय परत आल्यावर पहिल्याच बैठकीत गटापुढे बोलून दाखवावा, म्हणजे पुढे त्याबद्दल विचारणारं कुणीतरी असतं.

प्रार्थना करा आणि गोळीही घ्या

आजारपणात मंडळीची प्रार्थना हा मोठा आधार आहे. पण त्याच नावावर नुकसानही होतं. क्षयाच्या रुग्णाला पहिल्या दोन महिन्यांत बरं वाटू लागतं, भूक लागते, खोकला थांबतो. अशा वेळी एखाद्या सभेत ‘तू बरा झालास, आता गोळ्या कशाला’ असं कुणी म्हणालं तर तो सहज औषध सोडतो. साधा क्षय बरा व्हायला पूर्ण सहा महिने औषध घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि पुढे साधी औषधं लागू पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात ही औषधं फुकट मिळतात. फिट, मधुमेह, रक्तदाब, मनाचे आजार यांच्या गोळ्यांनाही हाच नियम. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही.

इथे गटाचं काम ठरलेलं आहे. रुग्णाबरोबर बीदरच्या ब्रिम्स किंवा कलबुर्गीच्या जिम्स या सरकारी रुग्णालयात एक जण जाईल. चिठ्ठी वाचून गोळी कधी घ्यायची ते घरच्यांना समजावून देईल. आणि रोज संध्याकाळी कुणीतरी विचारेल, ‘मावशी, गोळी घेतली का?’ मिशन दवाखान्यांनी आपल्या आजी-आजोबांना हेच शिकवलं होतं. त्या काळी प्रार्थना आणि पट्टी एकाच खोलीत होत असे.

दारूच्या बाबतीत गुपचूप झाकून ठेवणं हा उपाय नाही आणि चारचौघांत धिंडवडे काढणंही नाही. पिणाऱ्याच्या बायकोला आधी विचारा की तिला काय हवं आहे. मारहाण होत असेल तर पहिलं काम तिला आणि मुलांना सुरक्षित जागी नेणं. समेट त्यानंतर. ‘सहन कर, प्रार्थना कर’ हा सल्ला तिला कुणीही देऊ नये. बरीच वर्षं पिणारा माणूस एकाएकी थांबला तर त्याला झटके येऊ शकतात. म्हणून त्याला सोडवायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

जात, दाखला आणि खरं बोलणं

आपल्यातल्या बहुसंख्य घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून प्रभूकडे आले. ते सांगायला लाजायचं काहीच कारण नाही. लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. प्रभुभोजनाच्या एका प्याल्याला ओठ लावणारी माणसं सोयरिकीच्या वेळी पुन्हा जुन्या पोटजाती मोजतात. ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ या बाबतीत प्रत्येक ख्रिस्ती घरात वाचली जायला हवीत. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्या आपल्या मनातल्या सोवळ्याओवळ्याशी झगडल्या आणि ते सोडूनच पुढे आल्या. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. बाप्तिस्मा आधी होतो आणि जातीशी झगडा राहून जातो. गटाची बैठक प्रत्येक घरी फिरवणं आणि त्या घरचं पाणी पिणं, इथून या झगड्याला सुरुवात करता येते.

दाखल्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला मुख्यतः हिंदूंचाच समावेश होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. त्यामुळे घरात ख्रिस्ती आणि कागदावर हिंदू असं दुहेरी आयुष्य अनेकांच्या वाट्याला आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ख्रिस्ती म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला केवळ नोकरीच्या लाभासाठी अनुसूचित जातीचा दाखला मागता येणार नाही. कर्नाटकात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांसाठी मागासवर्गाच्या प्रवर्ग एकमध्ये तरतूद आहे. तिची चौकशी तहसील कार्यालयात करावी, आणि मुलं दहावीला पोचायच्या आत करावी.

यात मंडळीनं पोलीस होऊ नये. ज्या घरानं पोटासाठी जुना कागद धरून ठेवला, त्याला देवळाच्या दारात अडवणं म्हणजे अन्यायाची शिक्षा अन्याय सोसणाऱ्यालाच देणं. पण खरं बोलण्याची किंमत मोजायला जे घर तयार होतं, त्याच्या पाठीशी मात्र गट उभा राहिला पाहिजे. त्या घरच्या मुलीच्या कॉलेजच्या फीची वर्गणी बारा घरांनी काढली, तर ‘खरं बोला’ असं सांगण्याचा अधिकार आपल्याला राहील.

लग्न: नोंद आणि खर्च

ख्रिस्ती लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लागतं. लग्न लावणाऱ्या पाळकांकडे त्या कायद्याचा परवाना आहे की नाही, हे तारीख धरण्याआधी विचारा. त्यांना त्यात राग मानायचं कारण नाही. मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची पूर्ण असल्याचा पुरावा द्या. नोंदवहीत सह्या झाल्या की त्याच आठवड्यात दाखल्याची प्रत मागून घ्या. पुढे पासपोर्ट, वारसाहक्क, विधवा निवृत्तिवेतन यासाठी तोच कागद लागतो आणि तोपर्यंत पाळक बदलून गेलेले असतात.

हुंडा १९६१ पासून कायद्यानं बंद आहे, पण ‘मुलाला मोटारसायकल तेवढी द्या’ अशा गोड बोलीत तो चालूच आहे. गटातल्या बारा घरांनी मिळून ठराव करावा की आम्ही मागणार नाही, देणार नाही, आणि लग्नासाठी व्याजानं पैसे काढणार नाही. एकट्या घरानं असं केलं तर त्याला कंजूष म्हणतात. बारा घरांनी केलं की त्याची रीत होते.

गाव सोडून गेलेले

१९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राकडे गेले आणि जहीराबाद, नारायणखेड तेलंगणाच्या बाजूला. नातेवाईक तिन्हीकडे विखुरले. बीदरला मेथडिस्ट मंडळी, तेलंगणात बऱ्याच ठिकाणी चर्च ऑफ साउथ इंडिया (सीएसआय), सोलापूरकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय). शिवाय आता कामासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई, बेंगळुरू. बांधकामावर किंवा ऊसतोडीला गेलेलं कुटुंब चार-सहा महिने कुठल्याच मंडळीच्या खिजगणतीत नसतं.

निघण्यापूर्वी पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र घ्यावं, म्हणजे नव्या ठिकाणच्या मंडळीत प्रभुभोजनाला आणि अडीअडचणीला कुणी परकं मानत नाही. तिथला पंथ वेगळा असला तरी जावं. घरापासून चालत जाता येईल अशी मंडळी आवडत्या नावाच्या दूरच्या मंडळीपेक्षा बरी. गटानं त्या घराचं नाव वहीतून काढू नये. रविवारी संध्याकाळी कुणीतरी फोन करावा आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचं पेन्शन, रेशन, औषध याची जबाबदारी वाटणीत लिहावी. दूर मुकादमाच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाला गावाकडे आपल्या आईला कुणी बघतंय एवढं कळलं, तरी त्याचा जीव हलका होतो.

सुरुवात कुठून

पाळकांना विचारल्याशिवाय गट सुरू करू नका. नाहीतर तो वेगळी चूल ठरतो. पहिल्या आठवड्यात त्यांना भेटा आणि बारा नावं लिहा. त्यात निदान दोन नावं अशा माणसांची असू द्या, ज्यांच्याशी आपलं फारसं पटत नाही. दुसऱ्या आठवड्यात पहिली बैठक, आणि तीही सगळ्यात लहान घरात; वही त्याच दिवशी चालू करा. तिसऱ्या आठवड्यात धान्याचे डबे ठेवा. चौथ्या आठवड्यात मागच्या दोन वाटण्या वाचा आणि जी कामं राहिली, ती का राहिली ते एकमेकांना विचारा. तीन महिन्यांनी गट पंधरावर गेला तर त्याचे दोन करा. पुढे काय करायचं ते वहीतच सापडेल, कारण कुणाला भूक आहे, कुणाला ताप आहे आणि कुणाशी आपलं बोलणं बंद आहे, हे तोवर तिच्यात लिहून झालेलं असेल.